सतरा टेकाडे आणि एक कोरी जागा : रोहनच्या राजघराण्याचा इतिहास

परिशिष्ट वाचण्यासाठी कोणी कादंबरी विकत घेत नाही. मी घेतली, आणि तीही दोनदा, कारण पहिल्या वेळी हाती आलेल्या जुन्या एकखंडी प्रतीत परिशिष्टे जवळजवळ नव्हतीच. विक्रेत्याने ‘संपूर्ण’ असे सांगून पाठवलेली ती प्रत मी उत्साहाने मागच्या बाजूने उघडली, तर कादंबरी संपल्यावर आरागॉर्न आणि आर्वेन यांची कथा तेवढी छापलेली होती आणि त्यापुढे थेट मागचा पुठ्ठा होता. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. १९६८ साली ब्रिटनमध्ये जे. आर. आर. टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कल्पनारम्य कादंबरीची जी एकखंडी कागदी बांधणीची आवृत्ती निघाली तिच्यात एवढी एक कथा ठेवून बाकीची परिशिष्टे गाळलेली होती, आणि माझ्याकडे नेमकी तीच आली होती. कादंबरी म्हणून ती संपूर्णच होती. मला हवी असलेली आठ-दहा पाने मात्र तिच्यात नव्हती, म्हणून सहाही परिशिष्टे असलेली दुसरी प्रत मागवावी लागली. हे परीक्षण त्या दुसऱ्या प्रतीचे आहे, आणि त्यातही प्रामुख्याने परिशिष्ट ‘अ’मधील दुसऱ्या भागाचे, म्हणजे ‘एओर्लचे घराणे’ या शीर्षकाखाली दिलेल्या, कादंबरीतील रोहन या काल्पनिक राज्याच्या राजवंशाच्या इतिहासाचे.

या परिशिष्टांनी मूळ प्रकाशनाच्या वेळीही वाचकांना ताटकळत ठेवले होते. कादंबरीचे पहिले दोन खंड १९५४ साली जुलै आणि नोव्हेंबर या महिन्यांत बाहेर पडले, तिसरा खंड मात्र ऑक्टोबर १९५५ पर्यंत लांबला, आणि त्या विलंबाला परिशिष्टांचे काम बऱ्याच अंशी कारणीभूत होते. टोल्कीन यांनी या पानांवर किती जीव लावला होता हे त्यावरून कळते. ‘अ’मध्ये राजे आणि राज्यकर्ते यांचे वृत्तान्त आहेत, ‘ब’ ही सरळसरळ शकावली आहे, ‘क’मध्ये हॉबिट या ठेंगण्या जमातीच्या वंशावळी आहेत आणि उरलेल्या तिघांत कालगणना, लिपी व भाषा यांचा विचार आहे. नुमेनोर आणि गोंडोर या राज्यांच्या राजांचा पहिला भाग लांबलचक आहे, आणि खरे सांगायचे तर त्यातील काही याद्या मी आजवर बोट फिरवूनच ओलांडल्या आहेत. तिसरा भाग ड्युरिनच्या वंशजांचा, म्हणजे खुज्यांचा. या दोहोंच्या मधे रोहन येते. राज्य त्या जगाच्या मानाने लहान, गोंडोरने आपल्याच एका ओस पडलेल्या प्रांतातून तोडून दिलेले. कालावधी पाचशे वर्षांचा. राजे, कादंबरी जिथे संपते तिथे सिंहासनावर असलेला एओमेर सोडला, तर सतरा.

कल्पनारम्य साहित्यात राजघराण्यांच्या इतिहासाला आता तोटा राहिलेला नाही. त्यातील बहुतेक मला जड जातात, कारण लिहिणाऱ्याला आपण रचलेले सगळे काही सांगून टाकायचे असते. कोणत्या राजाने कोणाशी लग्न केले, कोणाला कोणी विष घातले, कोणत्या ध्वजावर कोणता प्राणी होता, हे सगळे आपल्यासमोर इतके सजवून मांडले जाते की वाचकाने करायचे काही उरतच नाही. रोहनचा इतिहास याच्या उलट वाटेने जातो. तो सांगतो फार थोडे, पण जे सांगतो ते अशा जागी ठेवतो की दोन नोंदींमधला धागा वाचकाला स्वतः ओढून काढावा लागतो. या आठ-दहा पानांचे खरे मोल मला त्यात दिसते.

सुरुवात एओर्लच्याही आधीपासून होते. एओथेओद नावाचे घोडेस्वारांचे लोक उत्तरेला अँडुइन नदीच्या उगमाजवळ राहत होते. त्यांच्या फ्राम नावाच्या सरदाराने स्काथा हा मोठा ड्रॅगन मारला आणि त्याचा खजिना मिळवला. खुज्यांनी त्या खजिन्यावर हक्क सांगितला, तेव्हा फ्रामने एक कवडीही न देता ड्रॅगनच्या दातांची माळ करून त्यांना पाठवली आणि असले अलंकार तुमच्या भांडारात सापडायचे नाहीत, असा निरोपही धाडला. या अपमानापायी खुज्यांनी फ्रामला ठार मारले असे काही लोक म्हणतात, एवढे सांगून वृत्तान्त पुढे सरकतो. खुज्यांचा दावा खरा होता की खोटा, याबद्दल या ठिकाणी एक अक्षरही नाही. मात्र कादंबरीच्या शेवटी रोहनची राजकन्या एओविन मेरी या हॉबिटाला चांदीचे एक लहानसे शिंग भेट देते तेव्हा ते स्काथाच्या खजिन्यातले आहे, आणि ते खुज्यांनी घडवलेले आहे, असे ओघात कळते. म्हणजे खजिन्यातली निदान एक वस्तू तरी खुज्यांच्या हातची होती, आणि ती पाचशे वर्षे रोहनच्या राजांकडे राहिली. फ्रामची ऐट आणि हे शिंग यांची गाठ पुस्तकात कोणीही घालून देत नाही; मला ती तिसऱ्या वाचनात पडली.

एओर्लची गोष्टही अशीच आटोपशीर आहे. त्याचा बाप लेओद हा रानटी घोडे माणसाळवण्यात तरबेज होता. त्याने एक पांढरे शिंगरू पकडून आणले, ते वाढून असे मस्त जनावर झाले की कोणालाच आवरेना, आणि लेओदने एक दिवस त्यावर मांड ठोकण्याचे धाडस केले तेव्हा घोड्याने त्याला दूर नेऊन पाडले. डोके खडकावर आपटून लेओद मेला. त्याचे वय बेचाळीस होते आणि मुलगा एओर्ल सोळा वर्षांचा होता. एओर्ल सूड घ्यायला निघाला. घोडा बाणाच्या टप्प्यात आल्यावर तो त्याला मारणार असे सोबत्यांना वाटले, पण त्याने उभे राहून घोड्याला हाक मारली, त्याला फेलारोफ हे नवे नाव दिले, आणि माझ्या बापाच्या मृत्यूची भरपाई म्हणून तुझे स्वातंत्र्य तू आयुष्यभर मला द्यायचे, असे बजावले. घोडा आला. एओर्ल लगाम न घालता त्याच्यावर बसून घरी परतला. एका राजवंशाचा पाया खुनाच्या भरपाईवर घातला जातो, आणि ती भरपाई माणूस घोड्याकडून वसूल करतो, ही कल्पना मला विलक्षण वाटते. कायदा, सूड आणि माया या तिन्ही गोष्टी त्या एका प्रसंगात अशा एकजीव झाल्या आहेत की त्या वेगवेगळ्या काढून दाखवता येत नाहीत. पुढे तिसऱ्या युगाच्या २५१० साली गोंडोरवर पूर्वेकडून स्वारी झाली, तिथला कारभारी किरिऑन याने उत्तरेकडे मदत मागितली, एओर्ल आपले घोडदळ घेऊन केलेब्रांटच्या रणात नेमक्या वेळी पोहोचला, आणि त्याबद्दल किरिऑनने त्याला कालेनार्धोन हा प्रांत दिला. तेच रोहन.

यानंतर राजांची यादी येते, आणि परिशिष्टाची सगळी गंमत त्या यादीत आहे. प्रत्येक राजाला जन्म-मृत्यूची साले आणि दोन-चार ओळी. काहींना तर नुसती साले. एडोरास या राजधानीच्या दाराशी राजांच्या समाधींची गवताळ टेकाडे दोन रांगांत आहेत आणि यादीही त्या रांगांप्रमाणेच विभागलेली आहे. पहिल्या रांगेत नऊ टेकाडे, दुसरीत कादंबरीतला राजा थेओडेन धरून आठ. वंशाची शाखा बदलली की नवी रांग सुरू होते. इतिहासाची प्रकरणे अशी जमिनीवर मोजता येतात हे मला कोणत्याही नकाशापेक्षा जास्त पटते.

यादी हातात पेन्सिल घेऊन वाचली तरच बोलू लागते. उदाहरणार्थ आल्डोर. हा दुसऱ्या राजाचा, म्हणजे ब्रेगोचा, धाकटा मुलगा. थोरला बाल्डोर राजवाड्याच्या सोनेरी सभागृहाच्या वास्तूच्या मेजवानीत, मृतांची वाट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झपाटलेल्या डोंगरवाटेने जाण्याची प्रतिज्ञा करून बसला आणि परत आला नाही. बाप पुढच्याच वर्षी, २५७० साली, दुःखाने गेला. आल्डोरने त्यानंतर ७५ वर्षे राज्य केले. त्याचा मुलगा फ्रेआ राजा झाला तेव्हा म्हातारा होता, असे नोंद सांगते. साले ताडून पाहिली तर फ्रेआचा जन्म २५७० चाच निघतो. म्हणजे बाप गादीवर बसला त्या वर्षी हा जन्मला आणि बापाची पंचाहत्तर वर्षांची कारकीर्द हीच त्याची वाट पाहण्याची पंचाहत्तर वर्षे ठरली. त्याला स्वतःला राज्य मिळाले चौदा वर्षे. कादंबरीकाराला यावर आख्खे प्रकरण लिहिता आले असते. इथे दोन ओळींत वजाबाकीचा हिशेब वाचकावर सोपवून लेखक मोकळा होतो, आणि पुढच्या तीन राजांच्या काळात शांतता व भरभराट होती, म्हणून फारसे सांगण्यासारखे नाही, असेही म्हणतो. सुखाच्या काळाला इतिहास नसतो ही जुनीच समजूत, पण ती राजांच्या यादीत इतक्या निर्विकारपणे अमलात आणलेली क्वचितच दिसते.

या आल्डोरच्याच नोंदीत आणखी एक लहानसे वाक्य आहे, आणि माझ्या मते संपूर्ण घराण्याची किल्ली तेच आहे. त्याच्या काळात आयसेन नदीच्या पूर्वेस उरलेल्या डनलेंडच्या लोकांना हुसकावून लावले गेले किंवा अंकित केले गेले, एवढेच ते वाक्य सांगते. ते वाचताना काहीच खटकत नाही, कारण लिहिणारे रोहनचे आहेत आणि भरभराटीचा काळ चालू आहे. मग देओरच्या काळात तेच लोक नदी ओलांडून धाडी घालू लागतात आणि २७१० मध्ये आयसनगार्डचे रिकामे गडवर्तुळ व्यापतात. मग हेल्मच्या दरबारात फ्रेका येतो, ज्याच्या अंगात फ्रेआविने राजाचे रक्त असल्याचा त्याचा दावा आहे आणि डनलेंडचे रक्त असल्याचा इतरांचा आरोप. मग युद्ध. मग विजयानंतर आयसनगार्ड पुन्हा रिकामे राहू नये म्हणून गोंडोरचा कारभारी बेरेन त्याच्या चाव्या सारुमान नावाच्या एका भल्या दिसणाऱ्या जादूगाराला देतो, आणि फ्रेआलाफ राजाला शेजारी एक बलवान मित्र मिळाला म्हणून आनंद होतो. मग अडीचशे वर्षांनी तोच सारुमान त्याच डनलेंडच्या लोकांना, त्याच जुन्या जमिनीची आठवण देऊन, रोहनवर सोडतो. कादंबरीतला एक म्हातारा सैनिक हॉर्नबर्ग या गडाच्या तटावर सांगतो की गोंडोरने हा मुलूख एओर्लला दिला तेव्हापासूनची सल या लोकांनी विसरलेली नाही. एवढी मोठी कारणपरंपरा पाच वेगवेगळ्या राजांच्या नोंदींत विखुरलेली आहे आणि कोणत्याही ठिकाणी ‘म्हणून’ हा शब्द लेखकाने वापरलेला नाही.

सगळ्यांत विस्ताराने सांगितलेला राजा म्हणजे नववा, हेल्म हॅमरहँड. फ्रेका हा श्रीमंत, मुजोर जहागीरदार. राजाने बोलावले तर मनाला येईल तेव्हा यायचा. एका सभेला तो बरीच माणसे घेऊन आला आणि आपला मुलगा वुल्फ याच्यासाठी हेल्मच्या मुलीला मागणी घातली. हेल्मने त्याच्या वाढलेल्या पोटावरून भर सभेत टोमणा मारला, लोक हसले, फ्रेकाने उलट राजाला वाटेल ते सुनावले. हेल्मने तेव्हा वाद वाढवला नाही. सभेचे काम पूर्ण होऊ दिले. मग उठून त्याने फ्रेकाच्या खांद्यावर आपला प्रचंड हात ठेवला, राजाच्या घरात भांडणाला परवानगी नसते पण बाहेर माणूस मोकळा असतो असे म्हणून त्याला गावाबाहेर मैदानात चालत नेले, त्याच्या माणसांना दूर उभे केले, आणि एका ठोशात त्याला आडवा केला. फ्रेका थोड्याच वेळात मेला.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी मला त्यातल्या मधल्या अवधीचे, सभेचे उरलेले काम उरकण्याच्या त्या वेळेचे, नवल वाटते. हेल्म रागाच्या भरात मारत नाही. तो कायदा पाळून, घराची मर्यादा राखून, नि:शस्त्र राहून मारतो, आणि तरीही ती हत्याच असते, आणि तिची किंमत तो आपले दोन मुलगे व अर्धे राज्य देऊन चुकवतो. चार वर्षांनी वुल्फ डनलेंडची फौज घेऊन येतो, हेल्म आयसेनच्या उतारावर हरतो, राजधानी पडते, थोरला मुलगा हालेथ सोनेरी सभागृहाच्या दारात लढता लढता पडतो, आणि वुल्फ आत बसून स्वतःला राजा म्हणवतो. त्याच वर्षी, २७५८ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंत, रोहन बर्फाखाली गाडले जाते. हेल्मने आश्रय घेतलेल्या हॉर्नबर्ग गडावर उपासमार होते. धाकटा मुलगा हामा अन्नासाठी बाहेर पडतो आणि बर्फात हरवतो. यानंतरचा हेल्म माणूस राहत नाही: पांढरे कपडे घालून, शिंग फुंकून, तो एकटा रात्री शत्रूच्या तळात शिरतो आणि नुसत्या हातांनी माणसे मारतो. तो माणसे खातो अशी शत्रूंत वदंता पसरते. एके रात्री शिंग वाजते पण हेल्म परतत नाही. सकाळी कित्येक दिवसांनी ऊन पडते तेव्हा खंदकाच्या बांधावर एक पांढरी आकृती निश्चल उभी दिसते. तो गोठून मेलेला असतो, पण गुडघे वाकलेले नसतात.

सभेत फ्रेका राजाला जे बोलला त्यात म्हाताऱ्या राजांना गुडघ्यांवर यावे लागेल असे एक वाक्य होते, हे इथे आठवले पाहिजे. वृत्तान्त ते आठवून देत नाही. गुडघे वाकले नव्हते एवढेच तो सांगतो.

या कथेभोवती अवतरणचिन्हे आहेत, आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. परिशिष्टाच्या आरंभी खुलासा आहे की मूळच्या दीर्घ बखरींतून जसेच्या तसे घेतलेले उतारे अवतरणात दिले आहेत. म्हणजे हेल्मची गोष्ट संपादकाची नाही, रोहनच्या लोकांनी सांगितलेली आहे, आणि फ्रेका जाड, उद्धट व काळ्या केसांचा का होता याचा विचार करताना ते ध्यानात ठेवावे लागते. वुल्फने कित्येक महिने सिंहासनावर बसून राज्य केले तरी राजांच्या यादीत त्याचे नाव नाही आणि टेकाडांच्या रांगेत त्याला जागा नाही. ही कथा डनलेंडमध्ये कशी सांगत असतील याची कल्पना करण्यात माझी एक संध्याकाळ गेली आहे.

राजांच्या नावांबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर परीक्षण अपुरे राहील. टोल्कीन हे ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक होते, आणि रोहनच्या भाषेऐवजी त्यांनी जुन्या इंग्रजीची योजना केली. ती भाषा थोडी जरी ठाऊक असली तरी लक्षात येते की ब्रेगो, आल्डोर, फ्रेआ, वाल्डा, फेंगेल, थेंगेल, थेओडेन या सगळ्यांचा अर्थ जवळपास एकच, राजा किंवा स्वामी. एखाद्या घराण्यात नृप, भूप, नरेश, महीपती, अधिपती अशी बापापासून नातवापर्यंत नावे असावीत तसा हा प्रकार आहे. वंशाला स्वतःच्या राजेपणाचा इतका ध्यास असावा ही त्यातली एक थट्टाही असेल. फेंगेल हे नावाने राजाच, पण अन्नाचा व सोन्याचा हावरा, सेनापतींशी आणि पोटच्या मुलांशीही न पटणारा; याची आठवण कौतुकाने काढली जात नाही, असे यादी रोखठोक सांगते. उलट ब्रिट्टा म्हणजे वाटणारा, आणि तो खरोखरच सढळ हाताचा होता. ग्राम या राजाच्या नावाचा अर्थ संतापी. मराठीत लिहिल्यावर ते नाव ग्रामपंचायतीच्या पाटीवरून उतरवल्यासारखे दिसते, त्याला माझा इलाज नाही.

दुसऱ्या रांगेतील राजांत मला फोल्का विशेष आवडतो. तो मोठा शिकारी होता, पण रोहनमध्ये एकही ऑर्क, म्हणजे राक्षसी शत्रू, शिल्लक असेपर्यंत वन्य प्राण्याची शिकार करणार नाही अशी त्याने शपथ घेतली; त्याचा बाप वाल्डा ऑर्कांच्या सापळ्यात सापडून मेला होता. ऑर्कांचे शेवटचे ठाणे उद्ध्वस्त झाल्यावर तो हौसेने फिरिएनच्या रानात एका प्रसिद्ध रानडुकराच्या मागे गेला, त्याला मारले, आणि त्याच्याच सुळ्यांच्या जखमांनी मेला. तीन-चार वाक्यांत एक आख्खे आयुष्य, आणि त्यातला विनोद की शोकांतिका हे ठरवायचे काम आपले.

आता तक्रारी. या इतिहासात बायका जवळजवळ नाहीत, आणि हे खटकते ते नुसत्या आजच्या दृष्टीने नाही. घराण्याची शाखा दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा गादी भाच्याकडे गेली: हेल्मनंतर बहिणीचा मुलगा फ्रेआलाफ, थेओडेननंतर बहिणीचा मुलगा एओमेर. म्हणजे वंश टिकला तो बहिणींमुळे. फ्रेआलाफ तर ‘हिल्डचा मुलगा’ म्हणूनच ओळखला जातो, त्याच्या बापाचे नाव कोठेही येत नाही. असे असूनही हिल्डबद्दल नावापलीकडे एक शब्द नाही. ज्या मुलीच्या मागणीवरून सगळे युद्ध पेटले त्या हेल्मच्या मुलीला तर नावही नाही; २०२४ साली या युद्धावर अ‍ॅनिमेशनपट निघाला तेव्हा निर्मात्यांना तिचे नाव नव्याने ठेवावे लागले. याला अपवाद थेंगेलची पत्नी, लोस्सारनाखची मॉर्वेन, आणि थेओडेनची लाडकी बहीण थेओडविन, पण त्याही लग्न, अपत्ये आणि मृत्यू एवढ्यापुरत्याच येतात. दुसरी उणीव अशी की राज्य चालत कसे होते ते कळत नाही. शेती कोण करी, सारा कोणाला भरला जाई, पाच महिन्यांच्या बर्फानंतर बियाणे कोठून आले, याचा पत्ता नाही. बखरींना असल्या गोष्टींत रस नसतो हे मान्य, पण हॉबिटांच्या तंबाखूवर पाने खर्च करणाऱ्या लेखकाने घोड्यांच्या देशात घोड्यांच्या चाऱ्यावर एक ओळ लिहायला हरकत नव्हती.

वस्तू म्हणून पुस्तकाविषयी थोडक्यात. एकखंडी प्रत जाड असते, कागद पातळ असतो, आणि परिशिष्टांचा टंक मूळ मजकुराहून बारीक असतो. त्यात तळटीपा त्याहून बारीक. शेवटची पाने वाचताना पुस्तकाचे सगळे वजन डाव्या हातावर येते, त्यामुळे टेबल हवेच. तीन खंडांचा संच या कामासाठी अधिक सोयीचा, कारण परिशिष्टे तिसऱ्या खंडात येतात आणि कादंबरीचा दुसरा खंड शेजारी उघडा ठेवून ताडून पाहता येतो. माझ्याकडच्या ई-प्रतीत राजांची यादी परिच्छेदांत विरघळून गेली आहे आणि तळटीपेवर जाऊन परत येताना जागा हरवते, तेव्हा या भागासाठी तरी छापील प्रत घ्यावी. विकत घेण्याआधी अनुक्रमणिकेत ‘अ’ ते ‘फ’ अशी सहा परिशिष्टे आहेत ना, एवढे जरूर पाहावे. ‘संपूर्ण’ या शब्दावर विसंबून मी काय मिळवले ते वर लिहिलेच आहे. कादंबरी न वाचता थेट इकडे आलात तर नावांच्या गर्दीत गुदमरायला होईल. कादंबरी वाचून वर्ष-सहा महिने झाले असतील तर मात्र ही पाने सर्वांत चांगली लागतात, कारण तेव्हा प्रसंग आठवत असतात आणि त्यांची पूर्वपीठिका नवी असते. आयसेनच्या उतारावर थेओडेनचा एकुलता मुलगा पडतो आणि राजा हॉर्नबर्गच्या आश्रयाला जातो, तेव्हा २६० वर्षांपूर्वी हेल्मही त्याच नदीवर हरून त्याच गडावर गेला होता, हे एव्हाना आपल्याला ठाऊक झालेले असते. थेओडेनचा जन्म गोंडोरमधला, हेही परिशिष्टातच कळते. बाप थेंगेल फेंगेलला कंटाळून तिकडे गेला होता आणि राज्य मिळाल्यावर नाइलाजाने परतला. त्याच्या घरात गोंडोरची भाषा बोलली जाई आणि ती सगळ्यांना रुचत नसे. युद्धानंतर थेओडेनचा देह काही काळ गोंडोरच्या राजांमध्ये ठेवलेला असतो, तो या अर्थाने माहेरीच असतो.

प्रकाशकांनी एक गोष्ट करायला हवी होती आणि ती राहून गेली आहे. खुज्यांच्या वंशाला याच परिशिष्टात रीतसर वंशवृक्ष मिळाला आहे, हॉबिटांना तर पानेच्या पाने मिळाली आहेत, एओर्लच्या घराण्याला मात्र नुसती यादी. त्यामुळे मी तो वहीत स्वतः काढला. एओर्लपासून हेल्मपर्यंत सरळ खोड, तिथे हिल्डच्या नावाने फुटलेली फांदी, मग थेओडेनपर्यंत पुन्हा सरळ, आणि थेओडविनच्या नावाने दुसरी फांदी. एओमेरने ६५ वर्षे राज्य केले, आल्डोर सोडला तर सर्वांत जास्त. त्याच्या आणि त्याची पत्नी लोथिरिएल हिच्या नावाखाली मुलगा एल्फविने. आल्डोरची गोष्ट एव्हाना पाठ झाल्यामुळे हा मुलगा किती वर्षांचा असताना गादीवर आला असेल याचा हिशेब मांडायला मी पेन्सिल उचलली, पण परिशिष्टात त्याच्या नावापुढे साले दिलेलीच नाहीत, आणि वहीतली ती जागा कोरी आहे.